बर्मी कपाटाचं शून्य

१ जून, रविवार

वहीत बर्मी पुस्तकांच्या कपाटासमोर पुन्हा शून्य! सलग पाचवा महिना. 'फरीदा, ते कपाट उघडतेस तरी कशाला?' — आमचे ग्रंथपाल हसनुद्दीन साहेब. वर नाकातून हसले.

वाचनालयाच्या मुख्य कचेरीचं पत्रही आलंय. सहामाहीत शून्य असलेलं कपाट तीस तारखेला खोक्यांत भरून क्वालालंपूरच्या गोदामात! दोन वर्षं अर्ज खरडून मी ही बासष्ट पुस्तकं मिळवली. ती गेली तर मी रडणार, हे आत्ताच लिहून ठेवते.

पुस्तक घरी न्यायला कार्ड लागतं, कार्डाला पासपोर्ट, आणि हातमोज्यांच्या कारखान्यातल्या बर्मी बायकांचे पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत. म्हणजे वाचायचं ते इथंच. आणि वाचलं की नाही हे आम्ही टेबलांवरून ठरवतो — बंद करताना जितकी पुस्तकं टेबलावर पडलेली, तितकी मोजायची.

टेबल लख्ख. पुस्तकांत मात्र कचरा! रबराच्या पांढऱ्या पट्ट्या. एकीवर मासा काढलाय, दुसरीवर छत्री. झटकल्या तर मूठभर निघाल्या. दर रविवारी टाकते, दर रविवारी नव्या. वाचायला नको, घाण करायला हवी!

८ जून

अकरा जणी आल्या. तीन तास बसल्या. टेबल रिकामं. एसीची हवा खायला येतात, दुसरं काय! साहेबांना तसं म्हणालेही.

१५ जून

आज वर्तमानपत्राआड बसून पाळत ठेवली. त्यांच्यातली थिरी — तिला मलय छान येतं — वाचता वाचता खुदकन हसली. मग उठली, बाहीनं पुस्तक पुसलं आणि होतं तिथं नेऊन ठेवलं. मागोमाग दहाही जणींनी तेच! मी धावलेच.

'अगं, परत का ठेवता?'

'मग काय पसारा टाकून जायचं, ताई? लोक आमच्या आईचा उद्धार करतील!'

तीस तारखेचं आणि टेबलांवरच्या मोजणीचं सांगितलं. थिरीनं सगळ्यांना बर्मीत समजावलं. बराच वेळ खलबत चाललं. शेवटी ठरलं — पुढच्या रविवारी पसारा करायचा!

२२ जून

जमलं नाही. पुस्तकं टेबलावर ठेवून दारापर्यंत गेल्या. मग एक परतली. मग सगळ्याच. 'पालथं पडलं होतं ताई, बघवेना.'

टेबलावर राहिलं एकच — तमिळ सिनेमाचं मासिक. त्यातली चित्रं बघत होत्या. ते गेलं तमिळ कपाटाच्या खात्यात!

२९ जून

आज तीसेक जणी आल्या आणि मन घट्ट करून गेल्या. थिरी तर दाराबाहेर डोळे मिटून उभी होती. चौतीस पुस्तकं टेबलांवर! मला नाचावंसं वाटलं. तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज पढून दहा मिनिटांत वही घेऊन आले, तर टेबलं साफ.

'उद्या क्वालालंपूरच्या बाई यायच्यात,' साहेब हात झटकत म्हणाले, 'नुसता मासळीबाजार झाला होता. मीच लावली सगळी!'

सहा वर्षांत या माणसानं एक पुस्तक जागेवर ठेवलेलं नाही! मी म्हटलं, चौतीस होती. 'आता टेबलावर आहेत का? नाहीत ना? मग शून्य.'

रागानं पुस्तकं न झटकताच घरी आले. रडले.

३० जून

क्वालालंपूरच्या नोरलैलाबाई खोकी घेऊनच आल्या. मी पहिलं पुस्तक उचललं, आतून पट्टी पडली. छत्री.

'हे काय?'

मी 'कचरा' म्हणणार, एवढ्यात मागून थिरी बोलली. कामावरून सुटून थेट आली होती, पुस्तकांचा निरोप घ्यायला. 'माझी खूण आहे, बाई. इथवर वाचलंय. घरी नेता येत नाही ना. प्रत्येकीची वेगळी असते — मासा आमच्या मावशीचा. पण दर आठवड्याला कुणीतरी टाकून देतं. मग पान पुन्हा शोधत बसायचं.'

मी खाली पडलेली पट्टी उचलून हळूच पुस्तकात घातली.

बाईंनी खोकं बाजूला सारलं आणि खाली बसून एकेक पुस्तक उघडलं. एकात तर सात खुणा! एकूण अठ्ठ्याऐंशी. तेवढ्या त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिल्या. कपाट राहिलं!

६ जुलै

थिरीला म्हटलं, पट्ट्या टाकणारा सापडला गं — आमचे साहेब!

'असू दे ताई. बसची वाट बघताना आम्ही दर रविवारी खिडकीतून तुम्हालाच बघायचो टाकताना.'

'मग बोलला का नाहीत?'

'मोठ्या माणसाला कसं बोलायचं?'