बाकाखालची खूण

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

बागेतली सहा बाकं, कारंज्याभोवतीचा कठडा आणि दिवाणखान्याचं दार, एवढं मी या जुन्या बंगल्यात स्वतःच्या हातांनी केलं. सांध्यात नख शिरणार नाही. बाकांच्या तळाला माझी पानाची खूण कोरली आहे, तुझ्या स्टुलाखाली आहे तीच.

तब्येत उत्तम. तुझा गुडघा कसा आहे?

इथे संध्याकाळी परिषदेला आलेल्या डॉक्टरांची सरबराई चालते. परवा बंगल्याचे व्यवस्थापक त्यांना सांगत होते, "बसा, ही बाकं दोनशे वर्षांची आहेत!" मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, त्यांचं पॉलिश मागच्याच महिन्यात वाळलंय." पाहुणे हसले, व्यवस्थापक हसले नाहीत.

एरवी मला 'ए सुतार' म्हणणारा हा माणूस तेव्हापासून 'मिस्त्रीसाहेब' म्हणतो, चहा पाजतो. तेव्हाच वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. काल दोन बाकं उलटी पडलेली दिसली, कोणीतरी खूण पाहून गेलं होतं. आज माळ्याने सांगितलं, व्यवस्थापकांना ती एका पाहुण्याला जुनी म्हणून विकायची आहेत.

तू काळजी करू नकोस. कदाचित लवकरच घरी येईन. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. काम सुटलंच, तर कारण तुला माझ्याकडूनच कळावं. खुणा रंध्याने काढायच्या आणि 'मी फक्त जुन्या बाकांना पॉलिश केलं' असं लिहून द्यायचं, असं व्यवस्थापक म्हणाले. मी नाही म्हटलं. देत होते रोख चाळीस हजार.