आवाजाची प्रत काढू देण्याबाबत

प्रति,
मा. तांत्रिक साहाय्य अधिकारी,
सहायक उपकरणे कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : ऑपरेटिंग सिस्टिमचा अपडेट अर्ध्यात फसल्याने लाभार्थ्याचा बोलण्याचा प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल होत नसल्याबाबत, व यंत्रातील त्याचा आवाज पुसण्यापूर्वी त्याची प्रत काढू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची हेल्पलाइनवरील तक्रार, जी "समाधानकारकरीत्या सोडवली" म्हणून बंद करण्यात आली.
२) ती सोडवली गेली नसल्याची दुसरी तक्रार, जी "लाभार्थी बोलले नाहीत" म्हणून बंद करण्यात आली.

महोदय,

१. अर्जदार घरी पडदे शिवण्याचे काम करते. तिचे पती (यापुढे "लाभार्थी") मोटार चालवायला शिकवीत असत. त्यांच्याकडे शिकून गेलेली माणसे त्यांना मास्तर म्हणतात, शेजारीही तेच म्हणतात. मास्तरांचा आवाज दणदणीत होता. गाडीच्या काचा बंद असल्या तरी तो रस्त्यापलीकडे जायचा, आणि "आरशात बघा, आरशात! माझ्या तोंडाकडे काय बघताय?" हे वाक्य त्या रस्त्यावरच्या दुकानदारांनाही पाठ झाले होते. पुढे लाभार्थ्याला अंगातले स्नायू एकेक करून काम सोडतात असा आजार जडला. आधी बोटे गेली, मग हातपाय. जीभ जड होऊ लागली तेव्हा आपल्याच कार्यालयाने त्यांना डोळ्यांनी चालणारे यंत्र दिले. त्याबद्दल अर्जदार आपली ऋणी आहे. हे वाक्य अर्जात घालायचे असते म्हणून घातलेले नाही.

२. सदर यंत्राच्या पडद्याखाली एक कॅमेरा आहे. लाभार्थी पडद्यावरच्या ज्या अक्षराकडे बघतात ते अक्षर उमटते आणि वाक्य झाले की यंत्र ते बोलून दाखवते. जीभ साथ देत होती तोवर आपल्या कार्यालयातील बाईंनी घरी येऊन लाभार्थ्याचा आवाज यंत्रात भरून घेतला, त्यामुळे यंत्र त्यांच्याच आवाजात बोलत असे. आवाज भरण्यासाठी बाईंनी "आज हवा स्वच्छ आहे", "खिडकीजवळ खुर्ची ठेवा" अशी वाक्ये वाचायला दिली होती. लाभार्थी म्हणाले, "असं कोण बोलतं हो घरात?" आणि त्यांनी स्वतःची वाक्ये घातली. "क्लच हळू सोड." "चहात एवढी साखर कुणी ओतली?" "अगं ए, ऐकतेस का?" बाई हसून हसून पुरत्या दमल्या. नंतर घरात भांडणेसुद्धा यंत्रावर होत. अर्जदार रागाने स्वयंपाकघरात निघून गेली, तर लाभार्थी आवाज मोठा करून वाक्य पुरे करीत. सांगायचा मुद्दा, घर नीट चालले होते.

३. अलीकडे लाभार्थ्याला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र ते अर्जदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "बसवायची की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू दे. तुम्ही ठरवू नका, आणि फार उशीरही करू नका." ही गोष्ट बोलण्यासाठी बाहेरगावी नोकरी करणारी मुलगी रजा काढून आली. दुपारची जेवणे झाल्यावर तिघे बसलो असता लाभार्थ्याने सुरुवात केली. यंत्र म्हणाले, "नळीचं म्हणाल, तर मला असं वाटतं, की". तेवढ्यात पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरे आली : अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका.

कुणी काही दाबले नव्हते. परवानगी कुणी मागितली नव्हती आणि कुणी दिलीही नव्हती. मुलगी म्हणाली, "थांब आई, होईल एवढ्यात." तिघे त्या टक्क्यांकडे बघत बसलो. पस्तीसवर आकडा जो अडला तो हलेचना. बऱ्याच वेळाने अक्षरे बदलली : अपडेट पूर्ण होऊ शकला नाही, केलेले बदल मागे घेत आहोत. यंत्राने बदल मागे घेतले, पण त्याबरोबर डोळ्यांचा प्रोग्रामही घेऊन गेले. संगणक सुरू होतो, घड्याळ दाखवतो, हवामान सांगतो. लाभार्थ्याकडे तो बघत नाही.

४. येथे आपण म्हणाल की हो-नाही तर विचारता येते. येते. डोळे वर केले की हो, मिटले की नाही. अर्जदाराने विचारले, "नळी बसवायची?" लाभार्थ्याने डोळे वर केले नाहीत. "मग नको?" डोळे मिटलेही नाहीत. शिकाऊ माणसाने चढावर भलताच गिअर टाकल्यावर ते जसे बघत, तसे नुसते बघत राहिले. मग मुलीने पुठ्ठ्यावर मुळाक्षरे लिहून एकेका अक्षरावर बोट ठेवायला सुरुवात केली. अक्षर सापडते, पण वर काना की मात्रा, वेलांटी पहिली की दुसरी, हे विचारता विचारता लाभार्थ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि मान कलते. त्या दिवशी एवढेच मिळाले : "नळी पण". पुढच्या दिवशी पुन्हा पुठ्ठा धरला, तर दमून पहिल्याच शब्दात डोळे मिटले. नळी, पण काय? अर्जदाराने या "पण"च्या पुढे जे जे सुचेल ते विचारून पाहिले. दुखेल म्हणून? माझी दगदग होईल म्हणून? कंटाळा आलाय? शेवटच्या प्रश्नावर लाभार्थी रागावले, एवढे कळले. "पण" या शब्दाची अर्जदाराला आता धास्ती बसली आहे.

५. प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करण्यासाठी केलेल्या खटपटीचा तपशील असा. प्रोग्राम टाकायला जावे, तर यंत्र म्हणते की आधी ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करा. अपडेट करायला जावे, तर तो पुन्हा फसतो आणि बदल मागे घेतो. मुलीच्या सहकाऱ्याने फोनवरून सांगितले की जुन्या तारखेला परत जा. परत जायला यंत्र कार्यालयाचा पासवर्ड मागते. गल्लीच्या तोंडाशी संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. ते यंत्र उलटेपालटे बघून म्हणाले, "वहिनी, सरकारी शिक्का आहे यावर. मी हात लावला आणि काही झालं, तर तुम्हीही अडकाल आणि मीही." ते खरेच बोलले. चहाही न घेता गेले.

६. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली असून आपण किती समाधानी आहात ते कळवावे. अर्जदाराने पुन्हा तक्रार केली. या खेपेस खात्री करण्यासाठी फोन आला. गृहस्थ म्हणाले, "लाभार्थ्यांना द्या." अर्जदार म्हणाली, "ते बोलू शकत नाहीत, तीच तर तक्रार आहे." ते म्हणाले, "बाई, नियम आहे, खात्री लाभार्थ्याच्या तोंडूनच करावी लागते. नुसतं हो म्हटलं तरी चालेल." अर्जदाराने फोन लाभार्थ्याच्या तोंडाशी धरला. लाभार्थ्याने डोळे वर केले. ते फोनवर कसे ऐकू जाणार? पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" असे झाले आणि संध्याकाळी संदर्भ क्र. २ मधील मेसेज आला. अर्जदार आपल्या कार्यालयातही येऊन गेली. खिडकीवरच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितले की बंद झालेली तक्रार त्यांच्याकडून उघडत नाही, ज्याने बंद केली त्याच्याकडूनच उघडते, आणि ते दुसऱ्या इमारतीत बसतात. दुसऱ्या इमारतीत अर्जदाराला वर सोडले नाही.

७. यानंतर हेल्पलाइनवर एक भली मुलगी भेटली. तिने दुरून यंत्राचा ताबा घेतला. पडद्यावर बाण आपोआप फिरताना पाहून लाभार्थ्याचे डोळे तेवढ्यापुरते चमकले. मुलीने शोधून काढले की अपडेट फसतो तो यंत्रात जागा नाही म्हणून. ती म्हणाली, "काकू, एकच फोल्डर भलामोठा आहे. तो उडवला की अपडेट बसेल, मग मी प्रोग्राम टाकून देते, अर्ध्या दिवसात काका बोलायला लागतील." अर्जदाराने विचारले, त्या फोल्डरमध्ये आहे काय? ती म्हणाली, "काकांचा आवाज आहे."

म्हणजे लाभार्थी बोलतील, पण त्यांच्या आवाजात नाही. यंत्राबरोबर एक तयार आवाज येतो, त्यात बोलतील. अर्जदाराने विचारले की हा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेता येणार नाही का? मुलगी म्हणाली की तिलाही तेच वाटते, परंतु कार्यालयाच्या यंत्रांवर पेन ड्राइव्ह लावायची सोय सुरक्षेसाठी बंद केलेली आहे, इंटरनेटवर पाठवायचीही बंद आहे, आणि ती उघडण्याची परवानगी फक्त आपण देऊ शकता. त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो हा अर्ज.

८. अर्जदार खरे ते लिहिते. हेल्पलाइनवरच्या त्या मुलीने फोनवर विचारले तेव्हा अर्जदाराने लाभार्थ्याला विचारले, "तुमचा आवाज पुसायचा का?" लाभार्थ्याने लगेच डोळे वर केले. पुन्हा विचारले, पुन्हा वर. म्हणजे लाभार्थ्याची संमती आहे. नाही म्हणाली ती अर्जदार. मुलीला म्हणाली, "थोडं थांब गं," आणि फोन ठेवला. लाभार्थी त्या दिवसापासून तिच्यावर नाराज आहेत. अर्जदार रोज दुपारी फोल्डर उघडून एकेक वाक्य वाजवते आणि मोबाइलवर उतरवून घेते. त्यात नळाचे पाणी येते, खालच्या घरातले भांडण येते, आणि ते प्रोग्रामला चालत नाही असे मुलीने सांगितले आहे. वाजवताना लाभार्थी भिंतीकडे बघतात. आपलाच आवाज ऐकून माणसाला काय वाटत असेल, हे विचारायला अर्जदाराकडे पुठ्ठ्याशिवाय काही नाही. दरम्यान डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला आहे. श्वास पूर्वीपेक्षा उथळ झाला आहे, आणि अर्जदार कुणाच्या वतीने काय सांगणार?

९. तरी विनंती की,
(१) सदर यंत्रावरून लाभार्थ्याचा आवाज असलेल्या फोल्डरची प्रत काढून घेण्यास तातडीने परवानगी मिळावी.
(२) ज्यांना बोलता येत नाही अशा लाभार्थ्यांच्या तक्रारी ते बोलले नाहीत म्हणून बंद करण्यात येऊ नयेत.
(३) यापुढे अशा यंत्रांवर अपडेट आपोआप सुरू होऊ नये. माणूस बोलत असताना तर नकोच.

अर्जात काही कमीजास्त लिहिले गेले असल्यास ते घाबरलेल्या माणसाचे समजावे आणि लवकर काय ते कळवावे. फोन करायचा झाल्यास अर्जदाराच्याच नंबरवर करावा.

आपल्या परवानगीच्या प्रतीक्षेत,
(सही)
लाभार्थ्याची पत्नी

दिनांक : पोच शिक्क्याप्रमाणे

सोबत : तक्रारी बंद झाल्याच्या मेसेजच्या छापील प्रती. डॉक्टरांचे पत्र. पडद्यावरील एररचा फोटो (त्यात अर्जदाराचा हात आला आहे, क्षमस्व).

ता. क. : अर्ज लिहून झाला, पण कार्यालयाला सुट्टी लागून आल्याने देता आला नाही. त्या सुट्टीत लाभार्थ्याला सकाळी मोठी धाप लागली. डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना दारात म्हणाले, "आता त्यांना विचाराच." अर्जदाराने हेल्पलाइनला फोन केला. सुट्टी असूनही तीच मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, नक्की ना? परत आणता येणार नाही." अर्जदाराने लाभार्थ्याकडे पाहिले. त्यांनी डोळे वर केले आणि अर्जदार हो म्हणेपर्यंत खाली घेतले नाहीत. पडद्यावर विचारणा आली तेव्हा मुलीने सांगितले की हे मी दाबत नाही, तुम्ही दाबा. अर्जदाराने दाबले.

या खेपेस अपडेट अडला नाही. दुपारनंतर प्रोग्राम बसला, कॅमेऱ्याला डोळे सापडले. लाभार्थी बराच वेळ अक्षरे गोळा करीत होते. मग यंत्रातून कुणा बातम्या देणाऱ्यासारखा गुळगुळीत आवाज आला : "हा कोण माणूस घरात आणलास?" अर्जदाराची मुलगी हसली आणि रडली. अर्जदाराला दोन्ही जमले नाही. त्यानंतर त्याच आवाजाने वाक्य पुरे केले : "नळी बसवा, पण मला घरी परत आणणार असाल तर. दवाखान्यातच ठेवून घेणार असतील तर नको." डॉक्टरांना तसे कळवले आहे. येत्या आठवड्यात नळी बसेल आणि ते घरी आणू देणार आहेत.

लाभार्थी आता दिवसभर बोलतात. अर्जदाराला दर वेळी मान वळवून बघावे लागते की कोण बोलले.

अर्ज पुन्हा लिहून काढण्याचे बळ नाही, म्हणून आहे तसाच देत आहे. विनंती क्र. २ व ३ कायम आहेत. विनंती क्र. १ रद्द समजावी.