येतो म्हणावं

१० जानेवारी

आले बाई एकदाची कुवेतला. विमानात शेजारच्या बाईने खिडकीची जागा मला दिली आणि मग वाटभर, बाहेर काय दिसतं, हे मलाच विचारत राहिली. ढग, म्हटलं, आणखी काय दिसणार?

माझा नातू आलोक आणि नातसून मैथिली न्यायला आली होती. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, त्यामुळे सामान उचलतानासुद्धा एकमेकांचा हात सुटत नाही. बॅग मीच ओढली. घर अबू हलीफाला, सहाव्या मजल्यावर. खिडकीतून समुद्र दिसतो. आमच्या गुहागरच्या समुद्रासारखा ओरडत नाही, नव्या पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला असतो.

मला अक्षर येत नाही. मैथिलीने या फोनात सोय करून दिली. मी बोलायचं, त्याने लिहायचं, वर तारीखही त्यानेच घालायची. रोज जे वाटेल ते सांगत जा, म्हणाली. तुझ्या आमटीबद्दलही सांगू का, विचारलं. ते तेवढं मनात ठेवा, म्हणाली. पोरगी लग्नातच आवडली होती, आता जास्त आवडली.

१६ जानेवारी

आज शुक्रवार, म्हणजे इथला रविवार. दोघांनी मला फिरायला नेलं. जाहराच्या पुढे डोंगर आहे, त्याचं नाव ऐकून मी गाडीत ठसका लागेपर्यंत हसले. मुतला! अरबीत त्याचा अर्थ वेगळा आहे, असं आलोकने फार गंभीरपणे सांगितलं. असायलाच हवा, म्हटलं.

डोंगर आपल्यासारखा नाही. सपाट वाळवंट चालता चालता एकदम तुटतं आणि त्या तुटल्या कडेला खोल पिवळ्या घळी पडलेल्या, कोणीतरी नखांनी ओरबाडल्यासारख्या. परवाच्या पावसाचं पाणी एका घळीतून वाहत होतं. या देशात नदी नाही, म्हणून घोटाभर पाण्याला दोघं नदी नदी करत होती. आमच्याकडे त्याला कोणी पऱ्यासुद्धा म्हटलं नसतं.

मी पायथ्याशी चटई टाकून थालीपीठं राखत बसले. ती दोघं पायवाटेने कडेकडेने वर गेली आणि उतरताना पाण्यातून चालत आली, चपला हातात, कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. मैथिलीने सांगितलं, आत एका वळणापुढे आभाळाची नुसती चिंधी दिसते आणि तिथे पाणी उलटं वाहतं. आलोकने कागदाची होडी सोडली तर ती चढावर गेली म्हणे. नवं लग्न आहे, म्हटलं, पाणी काय, माणसंही उलटी चालताना दिसतील.

निघताना आलोक घळीकडे तोंड करून ओरडला, चला, जातो आम्ही! मी रागावले. जातो काय मेल्या, येतो म्हणावं. मग दोघांनी हात जोडले आणि नाटकात म्हणतात तसं लांबवून म्हणाली, येतो हं!

घळीतून उत्तर आलं, या.

आम्ही तिघंही हसलो. पडसाद आपलाच शब्द परत देतो, हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. वर एखादं मराठी कुटुंब असेल, आलोक म्हणाला. पण तिथे दुसरी गाडी नव्हती.

१८ जानेवारी

मैथिली शर्क भागातल्या बँकेत हिशेब बघते. संध्याकाळी दमून आली, कणीक मळायला घेतली आणि मध्येच मोठ्याने म्हणाली, हो, आले आले! कोणाला गं, विचारलं. तुम्हीच ना हाक मारलीत, म्हणाली. माझ्या तोंडात पान होतं. तोंडात पान असताना मी देवालाही हाक मारत नाही.

नंतर आलोकही आंघोळ करता करता, आलो, म्हणाला. मी चिडवलं, दोघांचे कान एकदमच गेले की काय. हसली. पण एकमेकांकडे बघून हसली नाहीत.

२० जानेवारी

मैथिलीचे पाय सुकत नाहीत. पुसते, पुन्हा ओले. घरभर तिची पिवळी पावलं. ती पुसत मी तिच्या मागून फिरते आहे.

शेवटी तिला जवळ बसवून विचारलं. म्हणाली, आजी, रागावून नाही हो बोलावत. फार आदराने बोलावतात. या म्हणतात. ओ देऊ नकोस, म्हटलं. म्हणाली, पण आपण येतो म्हटलंय ना. अगं, ती बोलायची रीत! म्हणाली, ते त्यांना कुठे ठाऊक?

मीठमिरच्या उतरवून जाळल्या. धूर लागून छताचा भोंगा केकाटला आणि इमारतीचा राखणदार हमीद सहा मजले धावत आला, आग कुठे म्हणून. त्याला चहा पाजला. चहा पिताना तोही तिच्या पायांकडे बघत होता. त्याने कप अर्धाच ठेवला.

२२ जानेवारी

मैथिली बँकेत म्हणून गेली. पोचली नाही.

गाडी मुतल्याच्या पायथ्याशी सापडली, दार उघडं. पोलीस शोधतायत. आलोक जाऊन आला. घळ कोरडी ठाक आहे. वाळूत तिची पावलं आत गेलेली आहेत, ओली. त्या वळणापर्यंत. परतीचं एकही नाही.

म्हणायला मी लावलं. मी.

२४ जानेवारी

आलोकचेही पाय ओले आहेत. मोजे घालून लपवतो. गाडीची किल्ली मी पोलक्यात ठेवली आहे. आजी, दे ना, म्हणतो, लहानपणी खाऊ मागायचा तशा आवाजात.

तो झोपला तसं किल्ली हमीदच्या हातात दिली, म्हटलं, मला तिथे ने. भर दुपारी गेलो. हमीद गाडीतून उतरला नाही.

घळीच्या तोंडाशी पदर पसरला. पोरांचा शब्द खोटा, म्हटलं, तो मी वदवला. त्यांच्याबदली मला न्या. कोणी बोललं नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. म्हातारी नको असेल त्यांना—

मग धीर सुटला. मैथिली, घरी ये गं, म्हणून किंचाळले.

आणि तिचा आवाज आला. लांबून नाही. पायांखालून. येतो हं, आजी.

रडत रडत घरी आले. आलोकला सांगितलं. दोन दिवसांनी जेवला माझा पोर.

२५ जानेवारी, सकाळ

आलोकने चादरी बदलल्या. खीर करायला लावली. मी ढवळतेय, ढवळता ढवळता हात थांबला—

येतो म्हणाली. येते नाही. एकटी बाई येते म्हणते. येतो म्हणजे— आणखी कोण—

आलोकला सांगितलं. ऐकतच नाही. खिडकीत उभा आहे, वाट बघत.

२५ जानेवारी

पाऊस नाही. जिन्यात पाणी आहे. खालून वर चढतंय, पायरी पायरी. हमीद ओरडत होता. आता ओरडत नाही.

दाराला पाठ लावून बसले आहे. साडी भिजली. पलीकडे मैथिली, किती लाडात— आजी, येऊ का? आणि तिच्यामागे बायका, पुरुष, पोरं, एका सुरात, येऊ का, येऊ का—

विचारतायत. म्हणजे आम्ही म्हटल्याशिवाय येता येत नाही. तेवढंच आहे हातात. मी नाही म्हणणार. पण आलोक—

आलोक हसतोय. म्हणतो, तूच बोलावलंस ना, मग दारात का ताटकळत ठेवतेस?

त्याच्या तोंडावर हात दाबून धरलाय. बाळा, बोलू नको. एक अक्षर नको. बघ माझ्याकडे. बघ—

तळहात ओला होतोय. गार आहे. वाळू लागतेय हाताला. आलोकच्या तोंडातून, आतून, पाणी—