अंगणातल्या दोन खोल्या

३ डिसेंबर १९३४, सोमवार. कर्जत.
मनूचं पत्र. दादरला नव्या इमारतीत दोन खोल्या मिळताहेत. दुसरा मजला, पश्चिमेला खिडकी. भाडं सव्वीस. मालक एकतीस तारखेपर्यंत थांबेल, तोपर्यंत एक महिन्याचं आगाऊ हवं. "दोघींना तेरा-तेरा. तुझ्या पेन्शनीत बसतं का बघ, आणि बसत नसेल तर बसव." मागे नकाशा काढलाय, फुटांची मापं घालून. रेघा अजून वाकड्याच.
पुण्याला कॉलेजच्या वर्गात मी आणि मनू, दोघीच मुली. पहिला बाक, मास्तरांच्या मेजाला चिकटून. तेव्हा ठरलं होतं: एक बिऱ्हाड, दोन मेजं, कुणाला विचारून दिवा मालवायचा नाही. मग तिचं लग्न झालं. मी विधवा होतेच. मला शिकवलं होतं तेच घरात नकोशी होते म्हणून. तीस वर्षं झाली.

५ डिसें.
पेन्शन ३२. भाडं १३. धान्य ६ (तांदूळ इथल्या पोशीर गावचाच नेईन, तिथला पॉलिश केलेला मला चालत नाही). दूध ३. कोळसा २. भांडीवाली १. वीज १. वर्तमानपत्र, पोस्ट १. एकूण २७.
उरले पाच. औषध, वाचनालय, आणि महिन्याला एक व्याख्यान, तिकीट असलं तरी.
बसतं. दोनदा बेरीज केली. बसतं.

८ डिसें., शनिवार.
सकाळी बारकीने अंगण सारवलं. वाळल्यावर शाळेची जुनी मोजपट्टी आणि सुतळी घेऊन चुन्याने दोन्ही खोल्या आखल्या. बाहेरची बारा बाय दहा, स्वयंपाकाची दहा बाय आठ. खिडकी, माझं मेज, मनूचं मेज, दोन खाटा. सामान काय न्यायचं ते असं आखल्याशिवाय कळायचं नाही. मोठा हंडा राहणार इथेच. पाटाही.
दुपारी बारकी मोळी घेऊन आली ती सरळ भिंतीतून. वरच्या ठाकरवाडीतली, सगळ्यांना 'तू'च म्हणते, मी हेडमास्तरीण होते तेव्हाही.
"ह्ये काय गं बाय? कुनाला पुरायचं हाय?"
"मुंबईचं घर आहे हे. तू भिंतीतून आलीस."
"मग दार कुठं हाय?"
पाहिलं. दार नव्हतंच. खिडकीच्या चौकटीसुद्धा काढल्या होत्या, दार विसरले.
"आमी खोपटाचं पयलं दार ठरवतो," म्हणाली, "तू खिडकीतनं उड्या मारनार व्हय?"
तिच्यासमोर हसले. सहसा हसत नाही.

११ डिसें.
रोज दुपारी तासभर खुर्ची टाकून 'खोलीत' बसते. वाचते. उठताना नंतर आखलेल्या दारातूनच बाहेर पडते. शेजारच्या बायकांना काय वाटायचं ते वाटो.
आज बारकी वालाच्या शेंगा सोलत मनूच्या मेजावर बसली.
"ही जागा कुनाची?"
"माझ्या मैत्रिणीची."
"आली नाय ती?"
"यायची आहे."
"कदीपासनं?"
सांगितलं. शेंग हातातच राहिली तिच्या. "तीस वर्सं? माजी दोन लेकरं मोठी हून त्यांची लग्नं झाली गं तेवढ्यात."

१६ डिसें.
काल बारकीने सारवल्यावर खोल्या पुन्हा आखल्या. मनूला 'हो' कळवून आठवडा झाला, तिचं काही नाही. स्टेशनवर गेले होते. पुण्याच्या गाडीला घाटासाठी मागून इंजिन जोडेपर्यंत टपालाच्या पिशव्या फलाटावर पडून. त्यांच्याकडे बघत उभी राहिले. पोस्टात येतील तेव्हा येतील, हे काय मला माहीत नाही? तरी.

१९ डिसें.
आलं. शरदने, तिच्या मुलाने, नाही म्हटलं आहे. "आई, मी जिवंत असताना तू भाड्याच्या खोलीत राहायचं?" सुनेला माघात दिवस भरतात, म्हणजे तोपर्यंत तर नाहीच. शेवटी लिहिते: "तू घेऊन ठेव. मी येईन." कधी ते नाही.
सगळं भाडं माझ्यावर: २६. उरले सहा, आणि नुसतं धान्यच सहाचं. एखाद्या मुलीने असं गणित आणलं असतं तर वही परत फेकली असती.
पत्र पुन्हा वाचलं. 'येईन'खाली तिने रेघ मारली आहे. कॉलेजात परीक्षेला नक्की येणार त्या प्रश्नाखाली मारायची, तशीच. आणि तो प्रश्न कधी यायचा नाही.

२२ डिसें., शनिवार.
बारकी शेणाची पाटी घेऊन उभी. "पुसू?"
"नको. आज राहू दे."
"अंगन उकललंय, बाय."
"राहू दे म्हटलं ना."
माझा आवाज चढला. ती पाटी घेऊन गेली. अंगण शनिवारी सारवलं नाही, असं या घरात पहिल्यांदाच झालं.

२५ डिसें.
नवी बेरीज. दोन मुलींना इंग्रजी शिकवलं, प्रत्येकी पाच. बेचाळीस. दूध निम्मं, भांडीवाली नको. बसतं, पण मुली मिळाल्या तर. दादरला मला ओळखतं कोण?
आणि मिळाल्या, तरी समोरचं मेज रिकामं ठेवून रोज त्याच्याकडे बघायचं. इथे निदान ते चुन्याचं आहे.
असं लिहायला नको होतं.

२९ डिसें., शनिवार.
मनिऑर्डरचा फॉर्म आणला. मालकाचं नाव, पत्ता लिहिला. रकमेपाशी थांबले.
बारकीला म्हटलं, सारव आता. आत आले. बघवलं नसतं.
बाहेर आले तेव्हा सगळं अंगण ओलं, हिरवट. खोल्या नाहीत, दार नाही. फक्त मधे एक चौकोन कोरडा ठेवलेला, चुन्याच्या रेघांसकट. मनूचं मेज.
"हे का ठेवलंस?"
"तुजं तू सांगितलंस. तिचं तिला इचारल्याबिगर कसं पुसू?"
तिला दोन आणे जास्त द्यायला गेले. घेतले नाहीत. म्हणाली, "मंबईला जाशील तवा दे. नायतर नको."
उद्या रविवार, पोस्ट बंद. परवा एकतीस, तारेने पाठवली तर त्याच दिवशी पोचेल.
अंगण वाळल्यावर उन्हं उतरायच्या आत चुना कालवून त्या चौकोनाभोवती भिंती पुन्हा आखल्या. या वेळी दार आधी.
फॉर्म पोथीच्या फळीवर ठेवला आहे. टाक, दौत शेजारीच.