एकच खूण

काल्हेर, भिवंडी
१८ जुलै २०२५

आदरणीय तुळशीरामकाका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? सुमतीकाकूंच्या वेलाला कारली धरली का? इकडे गोदामात सगळे ठीक. तुमच्या जागी आलेला मुकादम केदार शिट्टी वाजवून माणसं बोलावतो, म्हणून कोणी येत नाही.

तानी आठवते ना? मुलाखत न घेता, कापडाची एक गाठ उचलायला लावून तुम्ही ठेवून घेतलेली. तुम्ही गेल्यावर मी तिच्याकडूनही तो फॉर्म भरून घेतला, ठाण्याच्या शिबिरातून आणलेला, माणसांचे सोळा स्वभाव सांगणारा. तानी निघाली 'अंतर्ज्ञानी'. म्हणजे व्यवहारात कच्ची, असं मी ठरवलं आणि तिला थप्पी रचण्यावरून काढून लेबलं चिकटवायला बसवलं.

मंगळवारी ती उठून आली, कापडाच्या गाठींच्या थप्पीला हात लावला नि म्हणाली, "ताई, ही न्हाय टिकायची."

"कशावरून?"

"मना वाटतंय."

मी म्हटलं, वाटण्यावर गोदाम चालत नाही. तिनं वाद घातला नाही. थप्पीखाली काम करणाऱ्या लडकूला आणि कमळाला हाताला धरून बाहेर नेलं. दहा मिनिटांत थप्पी कोसळली.

नंतर विचारलं, तर म्हणाली, "आईसंगं भाताची उडवी रचत मोठी झाले. खालचा पेंढा वला आसला का उडवी सरकते. हाताला आधी कळतं, मंग तोंडाला." खालच्या गाठी खरंच ओल्या होत्या. ट्रकची ताडपत्री फाटली होती.

फॉर्म अगदीच टाकाऊ नाही हं. माझ्याबद्दल त्यानं बरोबर सांगितलं होतं: निष्कर्षाची घाई. तेवढंच मी वाचून सोडून दिलं.

आता जे टाळतेय ते लिहिते. 'मनाचा कौल की अनुभव?' या प्रश्नाला तुम्ही दोन्ही चौकटींत खूण केलीत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, एकच खूण करायची, एवढंही कळत नाही का?" तुम्ही पेन खाली ठेवलंत. दुसऱ्या दिवशी बावीस वर्षांची नोकरी सोडलीत, आणि मी नोंदवहीत कारण लिहिलं, 'वय'.

ते खोटं होतं. काल मालकांना तसं लेखी दिलंय. तानी थप्पीवर परत गेली आहे. तिला आणि मला शिकवायला तुम्ही हवे आहात. याल का?

माझा फॉर्म मी नव्यानं भरलाय, सोबत ठेवते. तो प्रश्न तेवढा बघा.

दोन्ही चौकटींत खूण केलेली,
तुमची नीरजा