एट्रुस्कन देवळाची कौलं

९ सप्टेंबर २००२, हर्नडन
कॉलेजचा पहिला दिवस. संजयच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर मला नोकरी करता येत नाही, शिकता येतं. संजय म्हणत होता, कॉम्प्युटरचं काहीतरी घे. मी घेतलं एट्रुस्कन आणि रोमन कला. कारण एवढंच की वेळ सकाळची आणि बस थेट. बाईंचं नाव कॅरल. साठीच्या असतील. नखांत माती. मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, नुसतं कॅरल म्हण. जमेल हळूहळू.

१६ सप्टें.
आज देऊळ. रोमच्याही आधीचं, एट्रुस्कन लोकांचं. उंच दगडी चौथरा, पायऱ्या फक्त पुढून, लाकडी खांब, मातीच्या विटांच्या भिंती. मी समजत होते रोम म्हणजे संगमरवर. कॅरल म्हणाली, तो फार नंतरचा. सुरुवातीची रोमन देवळंही अशीच, लाकूड आणि भाजलेली माती.
मग छपराची स्लाइड. सपाट कौलांच्या रांगा आणि दोन रांगांच्या जोडावर पालथं घातलेलं अर्धगोल कौल. आबांचं कौल, माझे वडील वळायचे ते! अगदी तेच. वर्गात अंधार होता म्हणून बरं.

२३ सप्टें.
गोष्ट सांगितली कॅरलने. रोमच्या राजाने मोठ्या देवळाच्या माथ्यावर ठेवायला चार घोड्यांचा रथ करून मागवला, मातीचा. केला शेजारच्या एट्रुस्कन गावातल्या कुंभारांनी. रथ भट्टीत एवढा फुगला की बाहेर काढायला भट्टी फोडावी लागली. शुभशकुन म्हणे, रोम असंच वाढणार.
सगळे लिहून घेत होते. कुंभारांचं काम. परीक्षेला आहे.
परवा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळखीच्या लीलाकाकूंनी विचारलं, माहेरी काय असतं गं? मी म्हणाले, शेती. एक गुंठा नाही आमच्याकडे.

६ ऑक्टो., रविवार
सकाळी माहेरी, गारगोटीला फोन. आबांना रथाची गोष्ट सांगितली. आधी ऐकू गेलं नाही, मग खो खो हसले.
"माती भट्टीत आटत्या, पोरी, फुगत न्हाई. आच जादा झाली असंल, आन् राजाला काय तरी सांगाय पायजे म्हणून शकुन!"
आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, आबा एवढं हसलेले मी ऐकलं नव्हतं.

२१ ऑक्टो.
कॅरलने तिचा मातीकामाचा स्टुडिओ दाखवला. मागच्या अंगणात तिला त्या देवळाच्या छपराचा एक कोपरा उभा करायचाय, खऱ्या मापाचा. मुलांकडून सपाट कौलं करून घेतलीत. अर्धगोल जमत नाहीत. साच्यावर थापतात, वाळताना तडकतात. ढीग पडलाय फुटक्यांचा.
मी म्हणाले, ही थापत नाहीत, चाकावर ओढतात. तोंडातून निघून गेलं.
"तुला येतं?"
नाही म्हणाले. खरंच नाही येत.

२२ ऑक्टो.
झोपून उठल्यापासून तेच डोक्यात. आई चिखल तुडवायची, लीद चाळायची, मडकी थापटून फुगवायची, रंगवायची. चाकाला हात नाही. बायकांनी लावायचाच नाही. मी आठ वर्षांची असताना आबा बाजारात गेलेले बघून चाकावर बसले होते. ते परत आले तेव्हा माझ्या हाताला चिखल. मारलं नाही मला. बोललेही नाहीत. घागरभर पाणी आणून चाक धुतलं, माझ्यादेखत. मारलं असतं तर मी विसरले असते.

२७ ऑक्टो., रविवार
आबांना विचारलं, नळीची कौलं कशी करायची. कधीपासून सुटलंय त्यांचं. सिमेंटचे पत्रे आले आणि कौलं गेली. पण सगळं धडाधड सांगितलं. बिनबुडाची नळी ओढायची, वरचं तोंड जरा बारीक. ओली असताना दोन अंगांनी चिरा द्यायच्या, आरपार नाही. वाळली की चापट मारायची, दोन कौलं सुटतात. आणि चिखलात घोड्याची लीद, बारीक चाळून.
मग म्हणाले, "वळणार कोण?"
"हाय हितं एक मास्तर."
खोटं.

४ नोव्हें.
कॅरलच्या गाडीतून लीद आणायला गेलो. इथून अर्ध्या तासावर घोड्यांचे तबेले आहेत, पांढरी कुंपणं, हिरवी कुरणं. तबेलेवाल्याने तीन गोण्या भरून दिल्या. कॅरल म्हणाली, पुस्तकांत हे कुठे नाही. गाडीत वास होता. मला तर आमच्या घरामागच्या परड्यात बसल्यासारखं वाटत होतं.

११ नोव्हें.
बसले चाकावर. विजेचं आहे, पायाने पेडल दाबलं की फिरतं. पहिल्या चार नळ्या ढासळल्या. पाचवी वाकडी. सहावी

१३ नोव्हें.
परवा मी लिहीत असतानाच संजय आला. माझे हात बघून म्हणाला, हे काय? सगळं सांगितलं, चाक धुतल्याचंही. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी चाकाचं त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "उद्या मला दाखव ना यार." काल आला लंच ब्रेकमध्ये. उभा राहून नुसता बघत होता.
सहावी नळी उभी राहिली होती.

२४ जाने. २००३
बर्फ. स्टुडिओ बंद. कोर्स डिसेंबरातच संपला, तरी मी जाते. कॅरलने किल्ली दिलीय. आता कडेच्या कौलांचे मुखवटे. छपराच्या कडेला प्रत्येक अर्धगोल कौलाचं तोंड एका चेहऱ्याने बंद करायचे ते लोक. एक बाई शांत, पुढचा जीभ बाहेर काढलेला अक्राळविक्राळ. देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुखच. कॅरल चेहरे करते, मी मागून कोरून पोकळ करते. भरीव ठेवले तर भाजताना फुटतील.

१५ मार्च
लीलाकाकूंना बोलावलं होतं जेवायला. घरी आणलेलं एक कच्चं कौल दाखवलं. म्हणाले, काकू, माझं माहेर कुंभाराचं. काकूंनी ते हातात घेऊन बघितलं. मग म्हणाल्या, "अगं मग आधी नाही का सांगायचं? माठ करून दे की मला एक." एवढंच. मी किती दिवस घाबरत होते, आणि कशाला.

१२ एप्रिल
मंगळवारी आवा पेटवला, स्टुडिओच्या मागे, आज उघडला. भट्टी गॅसची आहे, पण आवाच म्हणते मी. चौसष्ट कौलांमधली नऊ फुटली. कॅरलच्या मते उत्तम. आबा इथे असते तर नवांची आठवण काढत बसले असते. सगळ्यांनी मिळून पहिली ओळ चढवली. संजयने फोटो काढले.

२० एप्रिल
गारगोटीला दादाला फोटो पाठवले. पाकिटात घालताना माझा चाकावरचा बाजूला ठेवला होता. नंतर पुन्हा उघडून तोही घातला.

५ मे
संजयची नोकरी गेली. त्याच्या टीममधले अकराजण. खोकं घेऊन घरी आला, दुपारी दोनला. वकील म्हणतो, नोकरीशिवाय व्हिसा टिकत नाही, थांबू नका, लवकर काय ते ठरवा. टेक्ससमध्ये प्लेनोला एक इंटरव्ह्यू आहे. नाहीतर पुणे.

११ मे, रविवार
दादाचा फोन. फोटो मिळाले. "आबांच्या हातात हाईत. आठवडा झाला, बोलत न्हाईत. थांब, देतो."
आबा फोनवर आले.
"चाक विजेवर फिरतंय व्हय?"
"व्हय, आबा."
"काठी मारून फिरवाय लागत न्हाई मग."
"न्हाई."
मग म्हणाले, "तुझ्या आईनं बी चाक मागितलं हुतं. एकदा न्हाई, लई डाव. म्या दिलं न्हाई."
त्यांनी फोन दादाकडे दिला.

१८ मे
आबा फोनवर आले नाहीत. परड्यात आहेत म्हणाला दादा.

१ जून
प्लेनोहून काही कळवलं नाही. संजय सकाळी पुण्याचं बोलतो, संध्याकाळी टेक्ससचं. अर्धं सामान खोक्यांत भरलंय. कॅरलने विचारलं, दुसरी ओळ कधी? काय सांगणार. स्टुडिओत जाऊन आठ नळ्या ओढल्या, चिरा दिल्या, सावलीत ठेवल्या. वाळायला दहा दिवस तरी लागतील.