तारेचं टोक

१९ एप्रिल २०१४

पोचलो एकदाचे. ऑक्सिजनवर असलेल्या आईला ऐन उन्हाळ्यात कोणी दिल्लीला नेतं का, म्हणून पुण्यात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पण बदली सरकारने केलेली आणि आईला माझ्याशिवाय कोणी नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. आई मात्र खुशीत आहे. प्रवासभर समोरच्या बाईला नाकातली नळी दाखवून 'ये मेरी प्लास्टिक की नथ है' म्हणत होती.

घर छान आहे. मयूर विहारमधली सहकारी सोसायटी, चौथा मजला, लिफ्ट, मागच्या बाल्कनीला लागून तुतीचं झाड. मालक जयंत पळसुले गुडगावला राहतात. त्यांना मराठीच भाडेकरू हवे होते आणि भाडंही त्यांनी अगदीच कमी लावलं. आईला श्वासासाठी यंत्र लागतं हे मी चाचरतच सांगितलं, कारण घरात आजारी माणूस म्हटलं की मालक लोक तोंड फिरवतात. हे उलट म्हणाले, मग तर फारच बरं. दिल्लीत असं माणूस भेटलं म्हणजे नशीबच म्हणायचं.

जाताना त्यांनी पॅसेजमधला इन्व्हर्टर दाखवला. त्यांचे वडील भाऊसाहेब यांच्या वेळचा. शेजारी म्हशीच्या पारडाएवढी बॅटरी. लाइट गेली की आईचं यंत्र यावर चालेल. आईपाशी दिवसभर बसायला त्रिलोकपुरीतली लता मिळाली आहे. सगळं मार्गी लागलं. आज झोप लागेल.

२६ एप्रिल

आज दुपारी पहिल्यांदा लाइट गेली. इथली रीत गमतीची आहे. लाइट गेली की सगळे दार उघडून जिन्यात येतात आणि एकमेकांना विचारतात, 'आपकी भी गई है?' सगळ्यांची गेलेली असली की समाधानाने आत जातात. समोरच्या भटनागर आंटींशी माझी ओळख अशीच झाली.

इन्व्हर्टर चालू झाला, पण थोड्याच वेळात आईचं यंत्र किंचाळायला लागलं. बॅटरीचं झाकण उघडलं तर तारेच्या टोकाला हिरवी-पांढरी बुरशी चढलेली आणि बोल्टाभोवतीचं तांब्याचं कडं खाल्लं गेलेलं. मी कसंबसं आईला अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर लावला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, थिंबल गल गया. इकडे त्या कड्याला थिंबल म्हणतात. त्याने तार तशीच पिळून बांधली आणि सांगितलं की नवीन थिंबल मीच शोधून आणावेत, ही तार जुनी आणि जाड आहे, त्याच्याकडे मापाचे नाहीत.

४ मे

थिंबल या वस्तूवर मी आता प्रबंध लिहू शकते. मयूर विहारमधली सगळी दुकानं झाली, लक्ष्मीनगर झालं. भोक बोल्टाला बसतं तर नळी तारेला सैल होते आणि नळी बसते तर भोक लहान पडतं. रविवारी बाजार बंद असतो म्हणून काल शनिवारीच चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसला गेले. वरून तारांचं जाळं, खाली माणसांचं. एका सरदारजींनी माझ्या हातातला खाल्लेला तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, 'बहनजी, तेजाब से ऐसे नहीं गलता. ये तो जैसे किसी ने पकड़ के रखा हो, पसीने से.' मग आतून एक जोडी काढून दिली. तांब्याची, कथिल चढवलेली, बरोबर मापाची. मी चारचौघांत लहान मुलीसारखी हसले.

आज सकाळी बसवून घेतली. वर व्हॅसलिन फासलं. नंतर मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहिला तर यंत्र सुरळीत. मला स्वतःचा भलताच अभिमान वाटला.

९ मे

थिंबल पुन्हा हिरवे. एवढ्या लवकर. इलेक्ट्रिशियन बॅटरीला दोष देतो, बॅटरीवाला तारेला.

आईची एक गंमत. लाइट गेली की तिला कोणीतरी मराठीत बोलताना ऐकू येतं म्हणे. म्हातारा आवाज, खोकतो फार. 'जरा बसू का' असं विचारलं, म्हणून हिने 'बसा की' म्हटलं. मी तिला चिडवलं की दिल्लीत येऊन महिना झाला नाही तर तू मित्र जमवलास. ती लाजली. गेले कित्येक दिवस माझ्याशिवाय तिच्या कानावर मराठी पडलेलं नाही, बिचारी स्वतःशीच बोलत असणार.

१३ मे

लताने काम सोडलं. दारातच उभी राहून म्हणाली, 'दीदी, लाइट जाती है तो कमरे में साँस दो जनों की आती है.' मी तिला समजावलं की यंत्राचाही आवाज असतो. ती म्हणाली, यंत्राचा तिला कळतो.

मी ऑफिसातून रजा घेतली. बोटाला लावायच्या मीटरवर आईचा ऑक्सिजनचा आकडा लाइट असताना ठीक असतो. इन्व्हर्टरवर यंत्र गेलं की उतरतो. यंत्रवाला येऊन गेला. म्हणाला, यंत्र एकदम बढिया, हवा पूरी आ रही है. मग ती हवा जाते कुठे?

१७ मे

आज कळलं.

दुपारी लाइट गेली. मी बॅटरीपाशी बोल्ट आवळत होते. पाना ठेवून आईच्या खोलीत आले तर नळी तिच्या नाकात नव्हती. पलंगाशेजारच्या खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवून ठेवली होती. आईचे ओठ जांभळे. मी धावत नळी लावली, आणि लावताना हाताला जाणवलं की ती आतून ओली आहे. गरम.

आईला बोलता यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, त्यांना फार धाप लागली होती गं, म्हणून जरा वेळ दिली. मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात कधी एवढी ओरडले नसेन. ती म्हणाली, दारात आलेल्या माणसाला पाणी नाही का आपण विचारत.

१८ मे

भटनागर आंटींना गाठून विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. भाऊसाहेबांना आईसारखाच आजार होता, असंच यंत्र होतं. तारेचं टोक झिजलं होतं आणि जयंत रोज 'उद्या बदलतो' म्हणायचा. एका दुपारी घरात कोणी नसताना लाइट गेली आणि तार सुटली. लोकांनी दार तोडलं तेव्हा म्हातारा बॅटरीपाशी बसलेला होता. नळी नाकात, तारेचं टोक हाताने बोल्टावर दाबून धरलेलं. बोटं भाजलेली होती. किती वेळ धरून बसला होता, देव जाणे. आंटी डोळे पुसत म्हणाल्या, मरने के बाद भी छोड़ा नहीं था, उँगलियाँ खोलनी पड़ीं.

जयंतना फोन केला. मला वाटलं होतं नाही म्हणतील, निदान हसतील. ते शांतपणे म्हणाले, रिकाम्या घरात बाबा फार खोकायचे, खालपर्यंत ऐकू जायचं. त्यांच्याशी कोणी बोलायला नव्हतं आणि घरात यंत्र नव्हतं. मग हळूच विचारलं, 'आता शांत असतात ना?'

मी फोन ठेवला. राग इतका आला की रडू आलं.

२३ मे

घर शोधते आहे. आजारी माणूस म्हटलं की नाही म्हणतात. नवा इन्व्हर्टर सांगितला आहे, सोमवारी येईल म्हणाले होते, आता पुढच्या आठवड्यात म्हणतात. नळी आईच्या गालाला चिकटपट्टीने चिकटवून ठेवते. ती काढते. मी लावते.

आज सिलिंडर तपासला. भरून आणल्यापासून हात लावलेला नाही. काटा शून्यावर.

२७ मे

थिंबलची तिसरी जोडी. सकाळी बसवली, संध्याकाळी बोट लावताच भुगा झाला. हिरवा भुगा. त्यात बोटांच्या ठशासारख्या रेषा आहेत.

आई घर सोडायला तयार नाही. त्यांना एकटं कसं टाकायचं, म्हणते. तिला चार शब्दांनंतर दम लागतो आणि त्यातले दोन ती त्याच्यासाठी खर्च करते. मला त्याची कीव यायला हवी. येत नाही. मला तो मेलेलाच हवा आहे.

२९ मे

उद्या संध्याकाळी तिला हॉस्पिटलात हलवणार. अँब्युलन्स सांगितली. तिला विचारलंच नाही. एक दिवस. फक्त लाइट जाऊ नये.

३० मे

वादळ. दुपारीच सगळं पिवळं, मग काळं झालं. धूळ दारांच्या फटींतून आत. लाइट गेली.

थिंबल तुटले. दोन्ही. एक तार चिंधीने करकचून बांधली, ती टिकली आहे. दुसरी टिकत नाही — डाव्या हाताने, फडकं घेऊन, बोल्टावर दाबून धरली आहे. यंत्र चालू झालं. सोडली की बंद पडतं, दोनदा पाहिलं. सिलिंडर पुन्हा भरून आणला होता, काटा परत शून्यावर.

अँब्युलन्सवाला म्हणतो रस्त्यावर झाड पडलं आहे. लिफ्ट बंद. आंटींचा फोन लागत नाही, हाका मारल्या, वाऱ्यात कोणाला ऐकू जाणार.

वही मांडीवर आहे. उजव्या हाताने लिहिते आहे. लिहिलं नाही तर मी शेजारी बघेन. शेजारी कोणीतरी बसलं आहे. खोकतं आहे.

टोक तापलं. फडकं जळतंय. आई, मी आहे गं. धरलं आहे.

माझ्या हातावर हात आला. गार. टोकाचा चटका कमी झाला. बोटांची टोकं खडबडीत आहेत. तोही धरतो आहे — माझ्याबरोबर — क्षणभर वाटलं, मदतच —

त्याने हात उचलला. उठला. पॅसेजमधून पावलं. आईच्या खोलीकडे.

आई म्हणाली, या. बसा.

आई देऊ नकोस. ओरडले. आई नळी देऊ नकोस.

यंत्र चालू आहे. श्वास ऐकू येतो. दोन होते. आता एकच आहे. लांब, घरघरणारा. बाईचा नाही.

सोडलं तर त्याचा बंद होईल. आणि नळी आईच्याच नाकात असली तर — इथून दिसत नाही. दार मध्ये आहे. जाऊन बघायचं तर हे सोडायला —

आईने मला हाक मारली. उल्का. म्हणजे आहे. आहे अजून.

म्हणते, सोडू नकोस गं. मला नळी लागत नाही आता. त्यांना —

आई, तुला बोलताना दम लागत नाहीये. का लागत नाहीये —

उल्का, सोडू नकोस.

मी हात